विजेच्या मोटारीची चाके

दक्षिण कोरियातील ह्युंदाई कंपनी ‘आयोनिक 6’ या नावाची विजेवर चालणारी मोटार तयार करते. 2023 सालच्या मोटारी अमेरिकेत विक्रीस आल्या, तेव्हा एकदा बॅटरी पूर्ण भरल्यावर त्या किती अंतर जातील, याचे आकडे तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमांप्रमाणे ठरविण्यात आले. मागील चाकांवर चालणाऱ्या, मोठ्या बॅटरीच्या एका मोटारीचा आकडा 361 मैल, म्हणजे सुमारे 581 किलोमीटर आला. तिच्याच दुसऱ्या बहिणीचा आकडा मात्र 305 मैल, म्हणजे सुमारे 491 किलोमीटर भरला. दोघींची बॅटरी सारखी, गती देणारे विद्युतयंत्र सारखे, अंगाची ठेवणही सारखीच. आतील सोयींत थोडाफार फरक होता. पण मोठा फरक होता तो चाकांचा. पहिलीची चाके 18 इंची होती आणि दुसरीची 20 इंची.

केवळ चाके बदलल्याने प्रवासात सुमारे 90 किलोमीटरांची तूट यावी, हे नवल नव्हे काय? या नवलामागील कारणे आपण क्रमाक्रमाने पाहू.

प्रथम विजेच्या मोटारीजवळ शक्तीचा साठा किती असतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. आयोनिकच्या या मोठ्या बॅटरीत 77.4 युनिट वीज मावते. घरच्या वीजबिलावर जे युनिट छापलेले असते, तेच हे युनिट. एक लिटर पेट्रोल जाळले असता सुमारे 9 युनिट उष्णता मिळते. म्हणजे एवढ्या मोठ्या बॅटरीतील सारी शक्ती आठ-नऊ लिटर पेट्रोलातील शक्तीएवढीच झाली! तरीही ती मोटार पाचशे किलोमीटरांवर धावते. कारण पेट्रोलचे इंजिन आपल्याला मिळालेल्या शक्तीपैकी बराच मोठा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकते; विद्युतयंत्र मात्र फारच थोडी शक्ती वाया घालविते. ज्याचे उत्पन्न थोडे आणि संसार नेटका, त्याला चार आण्यांची गळतीही जाणवते. विजेच्या मोटारीचे तसेच आहे. यंत्रात गळती नसल्यामुळे चाकांपाशी होणारी गळती उठून दिसते.

ही गळती होते तरी कशी? हवा कमी असलेली सायकल तुम्ही कधी चालविली असेल. पायांना किती जोर पडतो! त्याचे कारण असे की, टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो दबतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा पूर्ववत होतो. दबताना रबर जेवढी शक्ती घेते, तेवढी सगळी ते परत देत नाही. उरलेल्या शक्तीची उष्णता होते. दूरच्या प्रवासानंतर मोटारीचा टायर हाताला कोमट लागतो, तो यामुळेच. सुमारे दोन टन वजनाची मोटार सपाट रस्त्यावर संथपणे चालती ठेवावयाची, तर केवळ टायरांच्या या विरोधावर मात करण्यासाठी 15 ते 20 किलो वजनाएवढा जोर सतत लावावा लागतो. शंभर किलोमीटरांच्या वाटेत चार ते साडेपाच युनिट वीज अशा रीतीने रबर तापविण्यात खर्ची पडते.

मग टायर लोखंडासारखा कठीण का करू नये? आपल्या बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवीत. ती दबत नसे हे खरे. पण गाडीत बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत! हवेने भरलेल्या टायराची कल्पना 1845 साली रॉबर्ट टॉमसन याने मांडली. परंतु ती मागे पडली. पुढे 1888 साली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तसाच टायर बनविला आणि मग त्याचा सर्वत्र प्रसार झाला. 29 एप्रिल 1899 रोजी पॅरिसजवळच्या आशेर येथे कामिय जेनात्सी या बेल्जियन चालकाने ताशी 100 किलोमीटरांची मर्यादा प्रथमच ओलांडली. त्याची ती मोटारही विजेवरच चालणारी होती आणि तिच्या चाकांवर हवेचे टायर होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता टायरावरील अक्षरे वाचावयास शिकू. 18 इंची चाकांच्या आयोनिकच्या टायरावर 225/55 आर 18 असे लिहिलेले असते. 225 ही टायराची रुंदी मिलिमीटरांत झाली. 55 म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा 55 इतकी टायराच्या बाजूची उंची. 18 हा आतील धातूच्या चाकाचा, म्हणजे रिमचा व्यास इंचांत दिलेला आहे. मधले ‘आर’ हे अक्षर टायराच्या आतील दोऱ्यांची मांडणी दर्शविते. 20 इंची चाकांवर 245/40 आर 20 असा टायर असतो.

गणित करून पाहा. 225 चे शेकडा 55 म्हणजे 123.75 मिलिमीटर. वरची व खालची अशा दोन बाजू मिळून 247.5 मिलिमीटर झाले. 18 इंच म्हणजे 457.2 मिलिमीटर. एकूण व्यास 704.7 मिलिमीटर. दुसऱ्या टायराचा हिशेब असाच केला, तर 704 मिलिमीटर येतात. दोहोंत एका मिलिमीटराचाही फरक नाही! तेव्हा ‘लहान चाक’ म्हणजे उंचीने लहान चाक नव्हे. त्यात धातूचे वर्तुळ लहान आणि रबराची बाजू उंच असते, एवढेच. मोठ्या चाकात धातू बाहेरच्या कडेकडे सरकतो आणि त्यावरचा टायर बहुधा अधिक रुंद असतो.

येथून तूट वाढू लागते. पहिली गोष्ट रबराची. रुंद, रस्ता घट्ट धरणारा आणि दिसण्यास ऐटदार असा टायर अनेकदा वीज वाचविण्यासाठी घडविलेला नसतो. दुसरी गोष्ट वाऱ्याची. मोटार वेगात असता तिला हवा कापीत जावे लागते. रुंद टायर अधिक हवा अडवितो आणि मोठ्या चाकांचे उघडे आरे पंख्याप्रमाणे हवा घुसळतात. म्हणूनच विजेच्या पुष्कळ मोटारींच्या चाकांवर सपाट झाकणे बसविलेली दिसतात. काहींना ती रूपहीन वाटतात. पण ती आपले काम मुकाट्याने करीत असतात.

तिसरी गोष्ट वजनाची. मोटारीत ठेवलेली पिशवी केवळ पुढे जाते. चाकाच्या कडेचा भार मात्र पुढेही जातो आणि त्याच वेगाने गरगर फिरतोही. त्यामुळे मोटारीला वेग देताना कडेवरचा एक किलो जवळजवळ दोन किलोंसारखा भासतो. यावरून हलके चाक घेतले की फार मोठी बचत होईल, असे कोणालाही वाटेल. पण हिशेब केल्यावाचून मत बनवू नये. प्रत्येक चाकाच्या कडेचे वजन तीन किलोंनी घटविले, तर चार चाकांचे 12 किलो, आणि दुप्पट धरले तरी 24 किलो. दोन टनांच्या मोटारीत हा भाग शंभरात एकाहून थोडासाच अधिक. शिवाय विजेच्या मोटारीचा वेग आवरताना तिचे विद्युतयंत्रच वीज उत्पन्न करू लागते आणि चाकांना दिलेल्या शक्तीचा काही भाग बॅटरीत परत जातो. सारांश, अंतराच्या हिशेबात वजनाचा वाटा लहान. रबराचा आणि वाऱ्याचा मोठा.

तर मग हलक्या चाकाचा उपयोग नाही काय? आहे, आणि तो वेगळ्याच ठिकाणी आहे. मोटारीचे अंग स्प्रिंगांवर तोललेले असते. चाके मात्र स्प्रिंगांच्या खाली असतात. खाचखळग्यांतून जाताना जड चाक जोराने उसळते व क्षणभर रस्ता सोडू पाहते. हलके चाक रस्त्याच्या चढउतारांप्रमाणे चटकन खालीवर होते. त्यामुळे प्रवास सुखाचा होतो आणि ब्रेकही नीट लागतो. त्यात टायराची बाजू उंच असेल, तर खड्ड्याचा धक्का रबर सोसते आणि रिम वाकण्याचे भय कमी होते.

मात्र लहान व हलके चाक निवडण्यासही मर्यादा आहेत. चाकाच्या पोटात ब्रेकची तबकडी व तिला पकडणारा भाग बसलेला असतो. त्याहून लहान रिम बसूच शकत नाही. टायरासह चाकाची एकंदर उंची कमी झाली, तर वेगदर्शक काटा खऱ्या वेगाहून अधिक वेग दाखवू लागतो.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा भाराची आहे. बॅटरीमुळे विजेच्या मोटारी जड असतात. प्रत्येक टायरावर भाराचा एक अंक छापलेला असतो. 91 या अंकाचा टायर 615 किलो भार वाहू शकतो. 99 या अंकाचा 775 किलो. चार टायरांची बेरीज मोटारीच्या वजनाएवढी झाली म्हणजे भागले, असे मात्र नाही. ब्रेक लावताच भार पुढच्या चाकांवर जातो आणि वळणावर तो एका बाजूला कलतो. म्हणून कारखान्याने नेमून दिलेल्या अंकाहून कमी अंकाचा टायर कधीही घेऊ नये. तसेच रिमही तेवढा भार सोसणारी असली पाहिजे. हलकी पण कच्ची रिम एखाद्या खड्ड्यात तडकली, तर विजेची बचत कोणाच्या कामी येणार?

रस्त्याला टेकणारा टायराचा भाग केवळ तळहाताएवढा असतो. असे चार तळहात दोन टनांची मोटार आणि तीत बसलेली माणसे सांभाळीत असतात. पावसात एखादे मूल अचानक रस्त्यावर आले, तर ते वाचेल की नाही, हे त्या चार तळहातांच्या पकडीवर अवलंबून असते. म्हणून सहज घरंगळणे आणि घट्ट पकडणे हे दोन्ही गुण टायरात हवेत. पूर्वी एक साधले की दुसरा बिघडे. 1990 नंतरच्या दशकात टायरांच्या रबरात काजळीच्या जोडीला सिलिका, म्हणजे वाळूत असणारे द्रव्य मिसळू लागले, तेव्हा ही अडचण पुष्कळशी दूर झाली. युरोपीय संघात 2012 पासून नव्या टायरांसोबत एक चिठ्ठी असते. शक्तीची बचत, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांची प्रतवारी तीवर दिलेली असते. शहाणा ग्राहक पहिली प्रत पाहून थांबत नाही, दुसरीही पाहतो.

तेव्हा चाक निवडताना डोळ्यांना काय आवडते, हा प्रश्न शेवटी यावा. भार पेलेल काय? ब्रेक सामावेल काय? ओल्या रस्त्यावर पकड राहील काय? या प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी आली, की मग त्यांतल्या त्यात लहान रिमचे, अरुंद व हलके चाक घ्यावे. आणि घेतल्यावर हवेचा दाब वेळोवेळी तपासावा. कारण उत्तम टायरही हवा कमी झाली की वीज खाऊ लागतो. मोठेपणा मिरविणाऱ्या चाकापेक्षा आपले काम चोख करणारे चाकच आपल्याला दूर नेते आणि सुखरूप घरी आणते.

अभ्यास

1. दोन्ही मोटारींची बॅटरी सारखी असूनही त्यांनी जाण्याच्या अंतरात फरक का पडला?
2. 215/60 आर 17 असे लिहिलेल्या टायराचा एकूण व्यास काढा.
3. ‘अंतराच्या हिशेबात वजनाचा वाटा लहान’ असे लेखकाने का म्हटले आहे? मग हलक्या चाकाचा लाभ कोणता?
4. आपल्या सायकलीच्या टायरावरील आकडे वहीत उतरवून घ्या. हवा भरलेली असताना व कमी असताना सायकल चालविण्यातील फरक पाच-सहा ओळींत लिहा.