तापलेले आऊटबोर्ड इंजिन पुन्हा सुरू का होत नाही?

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर लहान होडीच्या मागच्या बाजूस टांगलेले आऊटबोर्ड इंजिन आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. पहाटे निघताना हे इंजिन दोन-तीन झटक्यांत सुरू होते. परंतु जाळी ओढून होईपर्यंत ते अर्धा-पाऊण तास बंद राहिले, की दोरी कितीही ओढली तरी दाद देत नाही, अशी तक्रार पुष्कळ तांडेल करतात. होडी खाडीच्या मुखाशी असेल, ओहोटी लागली असेल आणि खडक जवळ असतील, तर ही केवळ गैरसोय राहत नाही. म्हणून प्रथम नांगर टाकावा आणि मगच इंजिनाचे झाकण काढावे. दोरी ओढण्याच्या नादात होडी वाहत चालली आहे याचे भान राहत नाही.

या दोषाचे मूळ बहुधा इंजिनात नसून सवयीत असते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी करावी लागते. तापलेल्या इंजिनात पेट्रोल लागलीच वाफाळते. तेथे चोकची गरज नसते. तरीही सकाळच्या सवयीने चोक ओढला जातो, सिलिंडरमध्ये पेट्रोल साचते आणि प्लग भिजून जातो. प्लग ओला निघाला व पेट्रोलचा वास येत असला, तर चोक आत सारावा, इंधनाची नळी सोडवावी, इंजिन बंद करण्याच्या दोरीची चकती काढावी व प्लग बाहेर ठेवून स्टार्टरची दोरी पाच-सहा वेळा ओढावी. चकती काढल्याने ठिणगी पडत नाही व उडालेले पेट्रोल पेटण्याचे भय राहत नाही. प्लग कोरडा करून बसविल्यावर चकती व नळी पुन्हा जागेवर लावावी; हे विसरल्याने तासभर घाम गाळणारे खलाशीही थोडे नाहीत.

याच्या उलट प्रकारही घडतो. इंजिन चालू असते तोवरच थंड पाणी त्यातून फिरत असते. ते बंद करताच पाणी थांबते व सिलिंडरची उष्णता झाकणाखाली कोंडून कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचते. पेट्रोलचे हलके अंश थोड्याशा उष्णतेनेही उकळू लागतात; मग नळीत इंधनाऐवजी वाफ भरते. अशा वेळी प्लग कोरडा निघतो आणि नळीवरील रबरी फुगा हाताला मऊ लागतो. झाकण काही वेळ उघडे ठेवावे, टाकीच्या टोपणावरील हवेचा स्क्रू सैल असल्याची खात्री करावी व फुगा कडक होईपर्यंत दाबावा. फुगा कडक होतच नसेल, तर नळीच्या जोडातून हवा शिरत आहे असे समजावे.

रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांची गोष्ट निराळी आहे, आणि तेथेच सर्वांत अधिक चूक होते. ही इंजिने पेट्रोलवर सुरू करून गरम झाल्यावर रॉकेलवर घ्यावयाची असतात. ती रॉकेलवर असतानाच बंद केली, तर कार्ब्युरेटरच्या वाटीत रॉकेल राहते. अर्धवट निवलेल्या इंजिनात त्या रॉकेलची पुरेशी वाफ होत नाही. ठिणगी उत्तम असूनही ते पेटत नाही. जाळ्याजवळ पोहोचण्याच्या दोन-तीन मिनिटे आधी तोटी पेट्रोलकडे फिरवावी, म्हणजे वाटीतील रॉकेल जळून जाते. एवढे पेट्रोल वाचविण्यात काटकसर नाही. विसर पडलाच, तर वाटीच्या तळचा स्क्रू सैल करून रॉकेल डब्यात काढून घ्यावे व फुगा दाबून पेट्रोल भरावे.

इंधन योग्य असूनही इंजिन सुरू होत नसेल, तर ठिणगी पाहावी. सांडलेले पेट्रोल पुसून, वाफ वाऱ्यावर जाऊ द्यावी. चकती जागेवर असावी. प्लग त्याच्या टोपीत बसवून इंजिनाच्या उघड्या धातूस टेकवावा, पण प्लगच्या भोकापासून दूर धरावा. ठिणगी निळी व ठसठशीत हवी. गरम असताना ती पिवळट पडते किंवा नाहीशी होते आणि निवल्यावर परत येते, असे असेल तर कॉइलची तार आतून तुटलेली असण्याचा संभव फार. तार तापल्यावर प्रसरण पावते व तुटका जोड सुटतो.

असे इंजिन कारागिराकडे थंड नेऊन उपयोग नाही. त्याला दोष सापडत नाही व निष्कारण नवा कार्ब्युरेटर गळ्यात पडतो. ते त्याच्यासमोर तापवून दाखवावे. मात्र खालचा भाग पाण्याच्या पिंपात पुरेसा बुडवूनच चालवावे, कारण कोरड्या इंजिनात पाणी खेचणाऱ्या पंपाचे रबरी पाते थोड्याच वेळात जळून जाते.