रंगाखालचा थर

बेंगळुरूच्या वायव्येला, तुमकुरू रस्त्यालगत, १९७०च्या दशकात वसलेली पीण्या औद्योगिक वसाहत यंत्रभाग, साचे, गिअर आणि विजेची सामग्री यांसाठी ओळखली जाते. १ मार्च २०१४ रोजी मेट्रो तिथवर पोहोचली तेव्हा स्थानकाच्या नावातही ‘इंडस्ट्री’ हा शब्द आला. या वसाहतीत आणि तिच्या आसपासच्या लग्गेरे, कामाक्षीपाळ्य, राजाजीनगर या भागांत असे अनेक छोटे कारखाने आहेत की जे स्वतःची कोणतीही वस्तू बनवत नाहीत. इतरांनी बनवलेल्या लोखंडी वस्तू धुऊन, रंगवून, भाजून परत पाठवणे एवढेच त्यांचे काम. व्यवहारात या कामाला जॉबवर्क म्हणतात आणि रंगाच्या या पद्धतीला पावडर कोटिंग, कारण रंग येथे पातळ द्रवाऐवजी कोरड्या भुकटीच्या रूपात वस्तूवर चढवला जातो. पेट्या, जाळ्या आणि खुर्च्यांचे पाय हा या कारखान्यांचा रोजचा माल, आणि त्यातच अधूनमधून एखाद्या जुन्या पोलादी सायकलची चौकट, म्हणजे फ्रेम, येऊन पडते. ती चौकट आणि तिला गंजापासून वाचवणारे थर हा या लेखाचा विषय आहे.

गंज चढायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, पण पाऊस प्रत्यक्ष अंगावर पडण्याची गरज नसते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की धूळ आणि क्षार बसलेल्या पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य पापुद्रा धरू लागतो आणि तेवढ्यावर क्रिया सुरू होते. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आणि दोन्ही किनाऱ्यांपासून साधारण तीनशे किलोमीटर दूर असल्याने मुंबई-रत्नागिरीची खारी हवा तेथे नाही, त्यामुळे तेथील गंज मंद चालतो. मात्र वळवाच्या सरींपासून परतीच्या पावसापर्यंत शहर महिनोन्‌महिने ओले राहते, आणि समुद्राने न दिलेले मीठ स्वाराचा घाम दांडीवर थेंबाथेंबाने आणून ठेवतो. केंब्रिजचे यू. आर. इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात दाखवून दिले की लोखंडावरील पाण्याच्या एकाच थेंबात, जेथे ऑक्सिजन भरपूर पोहोचतो त्या कडा सुरक्षित राहतात आणि जेथे तो कमी पोहोचतो त्या मध्यभागी धातू झिजतो. सायकलच्या दृष्टीने या निष्कर्षाचा अर्थ गंभीर आहे, कारण त्यानुसार उघड्या दांडीवरचा ओरखडा जितका नुकसान करतो त्याहून अधिक नुकसान सीटच्या नळीतील फट, पायडलच्या धुरीचे घर असलेले आडवे नळकांडे, ज्याला दुकानात बीबी म्हणतात, आणि उचकटलेल्या रंगाच्या कडेखालची ओली जागा येथे होत राहते.

रंग म्हणजे पाणी आणि हवा अडवणारी भिंत, ही समजूत सर्वत्र आढळते. विसाव्या शतकाच्या मध्यास जे. ई. ओ. मेन यांनी केलेल्या प्रयोगांनी तिला धक्का दिला. रंगाच्या साध्या पापुद्र्यातून इतके पाणी आणि इतका ऑक्सिजन आरपार जातो की उघडे लोखंड गंजायलाही तेवढा पुरेसा ठरावा. तरीही रंगवलेले लोखंड टिकते, याचे कारण मेन यांच्या मते असे की रंगातून विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सहज वाहू शकत नाहीत, आणि गंज ही विद्युतरासायनिक क्रिया असल्यामुळे आयनांची वाट बंद झाली की ती रेंगाळते. हे संरक्षण रंग धातूला घट्ट धरून आहे तोवरच चालते. पकड सुटली की रंग आणि पोलाद यांच्यामध्ये पाण्याला खिसा मिळतो, त्या खिशात क्षार साठतात, आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या रंगाखाली गंज पसरत जातो. चौकटीच्या आयुष्याचा निकाल त्यामुळे रंगाच्या छटेवर किंवा चकाकीवर न लागता रंगाखाली काय केले गेले यावर लागतो, आणि नेमके तेच काम पूर्ण झाल्यावर कोणाच्याही दृष्टीस पडत नाही.

या कामाचा इतिहास सायकलच्या इतिहासाइतकाच जुना आहे. इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टनचे जॉन मार्स्टन हे पत्र्यावर काळी चकचकीत लाखी चढवण्याच्या धंद्यातून आले आणि १८८७ मध्ये त्यांनी ‘सनबीम’ सायकली बनवायला घेतल्या. त्यांच्या सायकलींची कीर्ती भट्टीत भाजलेल्या त्या काळ्या रंगावर बरीच अवलंबून होती. पुढच्याच वर्षी बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी सायकलचे दुकान काढले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेलेल्या लक्ष्मणरावांना काही रंगांतील भेद नीट न ओळखण्याच्या दृष्टिदोषामुळे तो अभ्यास सोडून यंत्ररेखनाकडे वळावे लागले होते. मराठी यंत्रोद्योगाची एक मोठी परंपरा या दुकानातून सुरू झाली आणि तिची एक शाखा पुढे खुद्द बेंगळुरूत विजेच्या मोटारी बनवू लागली. १९०६ मध्ये बर्मिंगहॅमच्या थॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी पोलाद फॉस्फोरिक आम्लाच्या द्रावणात उकळून त्यावर फॉस्फेटचा थर आणण्याचे पेटंट घेतले. १९२३ मध्ये ड्यूपाँट कंपनीचा ‘ड्यूको’ हा झटपट वाळणारा, फवाऱ्याने मारायचा रंग आला, ज्याचे नाव भारतातील गॅरेजांत आजही फवाऱ्याच्या रंगाला सरसकट दिले जाते. आणि १९५०च्या दशकात जर्मनीच्या एर्विन गेमर यांनी भुकटीचा लेप देण्याची पद्धत काढली. या सर्वांत चौकटीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा शोध कॉस्लेट यांचा म्हटला पाहिजे, जरी सायकलीच्या जाहिरातीत त्याला चकाकीइतकी जागा क्वचितच मिळाली असेल.

पीण्यातील कारखान्यांत हा शोध ‘सेव्हन टँक’ या नावाने नांदतो. सात टाक्या ओळीने मांडलेल्या असतात: पहिलीत गरम अल्कधर्मी द्रावणाने तेलकटपणा काढला जातो, दुसरीत पाणी, तिसरीत आम्लाने गंज उतरवला जातो, चौथीत पुन्हा पाणी, पाचवीत जस्ताच्या फॉस्फेटचे द्रावण, सहावीत पाणी आणि सातवीत तो थर पक्का करणारे शेवटचे द्रावण. पाचव्या टाकीतून बाहेर येणारे पोलाद राखाडी आणि निस्तेज दिसते. त्यावर सूक्ष्म स्फटिकांची दाट वीण उगवलेली असते आणि नंतर वितळणारा रंग त्या स्फटिकांमधील फटींत उतरून तेथे मुळे धरतो. या थराचे वजन एका चौरस मीटरला साधारण दोन-तीन ग्रॅम भरते, आणि चौकटीचा बाहेरचा पृष्ठभाग चौरस मीटरच्या एक-तृतीयांशाच्या आसपास असल्याने एका सायकलीवर जेमतेम ग्रॅमभर फॉस्फेट बसते. वरच्या रंगाचे वजन तीसएक ग्रॅमच्या घरात जाते. दृष्टीला न दिसणारा हा एक ग्रॅम त्या तीस ग्रॅमांना वर्षानुवर्षे धरून ठेवतो, ही गोष्ट विस्मयकारक आहे.

पेटीसाठी निर्धोक असलेली तिसरी टाकी सायकलसाठी मात्र धोक्याची ठरू शकते. चौकट ही पोकळ नळ्यांची रचना असून जोडणीच्या वेळी तापलेली हवा बाहेर जावी म्हणून मागच्या चिमट्याच्या नळ्यांना बारीक भोके ठेवलेली असतात. त्या भोकांतून आम्ल आत शिरते, पण बाहेर येताना पुरते निघत नाही. मग बाहेरून निर्दोष दिसणारी चौकट आतून झिजू लागते. म्हणून जाणता कारागीर चौकट आम्लात न बुडवता दाबाच्या हवेने बारीक कणांचा मारा करून, म्हणजे ब्लास्टिंगने, जुना रंग आणि गंज उतरवतो, आणि हा मारा हलक्या हाताने करतो, कारण चांगल्या क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळीची भिंत मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरइतकीच जाड असू शकते. अशी उघडी पडलेली चौकट पावसाळी हवेत काही तासांतच तांबूस पडू लागते, म्हणून तिला त्याच दिवशी पुढच्या टप्प्यात न्यावे लागते.

पुढचा टप्पा बूथमधील, म्हणजे रंगवण्याच्या कक्षातील, भुकटी फवारणाऱ्या गनचा. गनच्या टोकाशी साधारण साठ ते शंभर किलोव्होल्टचा दाब असतो, त्यातून जाणाऱ्या भुकटीच्या कणांवर ऋण भार येतो, आणि हुकाला टांगलेली चौकट अर्थिंगने जमिनीशी जोडलेली असल्याने कण तिच्याकडे ओढले जाऊन तिला चिकटतात. नळीला वळसा घालून मागच्या बाजूलाही बसतात. मग १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत दहा-पंधरा मिनिटांत ती भुकटी वितळते, तिच्या रेणूंची साखळी जुळते आणि साठ-ऐंशी मायक्रॉनचा अखंड थर तयार होतो. एवढे वर्णन कोणत्याही माहितीपत्रकात मिळते. त्यात न मिळणारी गोष्ट अशी की ही पद्धत चौकटीच्या ज्या जागांना संरक्षणाची सर्वाधिक गरज आहे त्यांनाच टाळते. मायकेल फॅरेडे यांनी १८३६ मध्ये दाखवले होते की धातूने वेढलेल्या पोकळीत बाहेरचे विद्युतक्षेत्र शिरत नाही. बीबीमागे जेथे चिमट्याच्या दोन नळ्या एकमेकींजवळ येतात तो कोपरा किंवा दोन नळ्यांमधील तीव्र कोन ही अशीच अर्धवट पोकळी असते; क्षेत्ररेषा तिच्या कडांवरच संपतात, भुकटी कडांवर साचते आणि आतली खाच उपाशी राहते. चिखल आणि पाणी साठते ते नेमके त्याच खाचेत.

या अडचणीवर मात करणारे कौशल्य गन धरणाऱ्या हातात असते. अनुभवी कामगार प्रथम खाचा भरतो आणि मोकळ्या नळ्या शेवटी घेतो. खाचेकडे वळताना तो व्होल्टेज उतरवतो, हवेचा दाब कमी करतो, जेणेकरून आधी बसलेली भुकटी उडू नये, आणि गन एकाच अंतरावर स्थिर न ठेवता कोन बदलत राहतो. घाईने व्होल्टेज वाढवले तर बसलेल्या थरातच उलटा विद्युतपात होऊन पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. घर्षणाने भार देणारी, बाहेर विद्युतक्षेत्र न उभारणारी ‘ट्रायबो’ गन या खाचांसाठी अधिक योग्य असते, पण प्रत्येक भुकटी तिच्यात चालत नाही. शिवाय सगळ्याच्या मुळाशी हुक असतो. चौकटीबरोबर हुकावरही प्रत्येक वेळी रंगाचा थर भाजला जातो, हा थर वीज वाहू देत नाही, आणि तो खरवडून किंवा जाळून काढला नाही तर अर्थिंग तुटते व सर्वांत महागडी गनही निरुपयोगी ठरते. कारखान्यातील कामाचा दर्जा जोखायचा असल्यास यंत्रांच्या नावांपेक्षा हुक किती स्वच्छ आहेत हे पाहणे अधिक विश्वसनीय ठरावे.

नळीची आतली बाजू या सर्व प्रक्रियेच्या बाहेर राहते, कारण तेथे ना गन पोहोचते ना ब्रश. तिच्यासाठी जुना उपाय अजूनही चांगला आहे: जवसाचे उकळलेले तेल, रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात, ते भोकांतून आत ओतायचे, चौकट सर्व बाजूंनी फिरवायची आणि जादाचे तेल निथळू द्यायचे. ऑक्सिजन शोषून ते आत पातळ, चिवट पापुद्रा धरते. भट्टीत जाण्यापूर्वी मात्र असे तेल आत असता कामा नये. तापल्यावर त्याचा धूर आणि ब्रेझिंगच्या, म्हणजे पितळी जोडणीच्या, सांध्यात अडकलेल्या फ्लक्सचा वायू बाहेर पडून वितळलेल्या रंगाला टाचणीएवढी भोके पाडतात, आणि गंजाला तेवढे दार पुरते.

हे सर्व एका चौकटीसाठी करवून घेणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे. कारखान्याचा हिशेब खेपेवर चालतो. रंग बदलायचा तर बूथ, नळ्या आणि गन साफ करण्यात बराच वेळ जातो, म्हणून एकट्या चौकटीला त्या दिवशी चालू असलेला रंग पत्करावा लागतो, बहुधा काळा किंवा स्विचबोर्डांसाठी लागणारी आणि बाजारात ‘सिमेन्स ग्रे’ म्हणून ओळखली जाणारी राखाडी छटा. मास्किंग, म्हणजे बीबीचे आटे, हँडलखालची नळी, सीटची नळी आणि चाकाच्या धुरीच्या खाचा रबरी बुचांनी व उष्णता सोसणाऱ्या पट्टीने झाकणे, याला रंगवण्याहून अधिक वेळ लागतो. आट्यांत रंग भाजला गेला तर ते पुन्हा पाडावे लागतात, आणि ते करताना उघडे पडणारे पोलाद पुन्हा बिनसंरक्षण राहते.

याहून गंभीर प्रश्न काम करणाऱ्यांच्या शरीराचा आहे. ब्लास्टिंगसाठी स्वस्त नदीची वाळू वापरली तर सिलिकाची धूळ फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ओतकाम साफ करताना वाळूच्या माऱ्यावर बंदी घातली, तर आपल्याकडे अॅल्युमिनाचे किंवा पोलादाचे कण उपलब्ध असूनही किमतीच्या फरकापायी वाळूचा मोह सुटत नाही. शिशाचा प्रश्नही असाच अर्धवट सुटलेला आहे. याच शहरातील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले डॉ. थुप्पिल व्यंकटेश यांनी शिशाच्या विषबाधेविरुद्ध दीर्घकाळ काम केले. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी घातली, पण औद्योगिक रंग त्या नियमांच्या कक्षेबाहेर राहिले. जुन्या सायकलीचा पिवळा किंवा लाल रंग कोरड्या पॉलिशपेपरने घासणाऱ्या मुलाला नाकावर रुमाल बांधून पुरेसे संरक्षण मिळत नाही. तो रंग पाणी मारून घासायला हवा आणि गाळ गोळा करायला हवा.

शेवटची अडचण टाक्यांतील पाण्याची. सातव्या टाकीत आणि काही पिवळ्या प्रायमरांत पूर्वी षट्‌संयुजी क्रोमियम असे, जे गंजाला उत्तम रोखते आणि माणसात कर्करोग निर्माण करते. पीण्याच्या भूजलात क्रोमियमचे प्रदूषण आढळले आहे आणि त्याचा ठपका प्रामुख्याने मुलामा चढवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्याकडे जातो. फॉस्फेट त्या मानाने सौम्य, पण तलावांत ते शेवाळ व जलपर्णीचे अन्न बनते, आणि आधीच सांडपाण्याने फेसाळणाऱ्या तलावांच्या शहरात तेही मोकळे सोडण्याजोगे नाही. झिर्कोनियमवर आधारित नवी द्रावणे दोन्हीला पर्याय देतात. त्यांचा थर फॉस्फेटहून कितीतरी पातळ असतो आणि गाळ फारच कमी निघतो. मात्र इतका पातळ थर चूक सोसत नाही. त्याला आधीची धुलाई निर्दोष लागते आणि अखेरचे पाणी क्षारमुक्त लागते, तर येथील बहुतेक छोटे कारखाने बोअरवेलच्या जड पाण्यावर चालतात. क्षार काढणारे संयंत्र बसवणे, ते चालवणे आणि सांडपाणी शुद्ध करणे हा खर्च अधूनमधून एखादी चौकट आणणाऱ्या सायकलस्वाराकडून निघणे शक्य नाही; पेट्या आणि जाळ्या रंगवून घेणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकांनी तो दरात मान्य केला तर निघू शकतो, आणि त्यांच्यापैकी अनेकजण अजून दर किलोमागे किंवा चौरस फुटामागे काही पैशांच्या फरकावर कारखाना बदलतात.