सीमध्ये काय आहे?

मे महिन्यातली दुपार. तापकीर गल्लीत दोन्ही बाजूंना वायरींची भेंडोळी, एलईडीच्या माळा, चार्जरचे खोके, आणि मधून घुसणारे दुचाकीवाले. काँप्युटर दुरुस्तीचं दुकान वरच्या मजल्यावर. जिना एका माणसापुरता. वरून एकजण मॉनिटर पोटाशी धरून उतरतोय, तोवर खाली थांबायचं.

वर पंखा आहे, पण तो गरम हवाच फिरवतो. बाकावर मला कडेची जागा मिळते. भिंतीलगत सीपीयू ओळीनं उभे. प्रत्येकावर चिकटपट्टी, तिच्यावर पेननं लिहिलेलं नाव, मोबाईल नंबर, आणि खाली ‘डेटा पाहिजे’ किंवा ‘डेटा नको’. ‘नको’ एकाच डब्यावर दिसतं.

पुढचा नंबर एका काकांचा. सीपीयू त्यांनी जुन्या चादरीत बांधून आणलाय.

“फार हँग होतो. फॉरमॅट मारून द्या. पण आतलं काही जायला नको.”

“सीमध्ये काय आहे?”

“सीमध्ये काही नाही. सगळं डेस्कटॉपवर आहे.”

मेकॅनिक हसत नाही. बहुधा रोजच ऐकत असावा. “काका, डेस्कटॉप सीमध्येच असतो. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, सगळं तिथंच.”

काका चष्मा काढून पुसतात.

डबा उघडतो. ब्लोअर सुरू होताच धुळीचा लोट उठतो, बाकावरचे सगळे तोंड फिरवतात. रॅमची पट्टी निघते. तिचे सोनेरी दात मेकॅनिक शाळेतल्या खोडरबरानं घासतो. बोर्डावरचा गोल सेलही बदलतो. तो संपल्यामुळे काकांचा काँप्युटर रोज सकाळी २००९ सालात जागा होत होता.

मग पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू होतं. जुन्या विंडोजला उठवायचंच नाही, हार्ड डिस्क नुसती वाचायची. ५०० जीबीची डिस्क पडद्यावर ४६५ दिसते.

“पस्तीस कुठे गेले?” काका.

“कुठे नाही. कंपनीचं मोजमाप वेगळं, काँप्युटरचं वेगळं.”

भरलेला भाग १४० जीबी. खरं तर डी आणि ई ड्राइव्हला हात लागणार नाही, तरी तो तिन्ही ड्राइव्ह बाहेरच्या डिस्कवर घेतो. यूएसबीचं पोर्ट जुनं, सेकंदाला तीसेक एमबी. म्हणजे सव्वा तास तरी धरायचा. चहा येतो. हिरवी पट्टी सरकते, अडते, पुन्हा सरकते.

“मराठी टायपिंग कशात करता?”

“श्रीलिपीत. कुलवृत्तांत आहे आमचा. सात पिढ्या.”

मेकॅनिक परत फोल्डरात शिरतो आणि फॉन्टही उचलतो. हे सगळेच विचारत नाहीत. फाइल डीमध्ये सुखरूप राहते, फॉन्ट सीबरोबर पुसला जातो, आणि मग सात पिढ्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो.

“आता कुठली विंडोज टाकू? सेव्हनचा सपोर्ट २०२० च्या जानेवारीत संपला.”

“अकरा टाका की.”

“अकराला टीपीएम २.० लागतं. ते ह्या बोर्डावर नाही. दहा टाकतो, पण त्याचाही नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. बँकेचं काम ह्यावर करू नका.”

काका मान हलवतात. पटलंय की नाही, कळत नाही.

कॉपी संपते. तो चारपाच फोटो आणि कुलवृत्तांताची फाइल उघडून बघतो, मगच विंडोजचा पेनड्राइव्ह लावतो. पडद्यावर पार्टिशनची यादी. इथं सी, डी, ई अशी नावंच नसतात. नुसते आकडे: १०० एमबी, ९७.६ जीबी, १८४, पुन्हा १८४. चुकीच्या ओळीवर फॉरमॅट दाबलं की संपलं. बाक गप्प. मेकॅनिक ९७.६ वर बोट टेकवतो, वहीतली नोंद बघतो, मग माऊस दाबतो.

“फॉरमॅट न करता पण टाकता येतं. जुनं सगळं विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरात जातं. पण मी त्याच्या भरवशावर राहत नाही.”

काँप्युटर दोनतीनदा बंद-चालू होतो. तोवर मागच्या बाई टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरात आहे हे घरी फोन करून विचारतात. घरी कुणालाच माहीत नाही.

अखेर नवा डेस्कटॉप येतो. फॉन्ट पडतो, फाइल उघडते. काका मूळ पुरुषापासून खाली खाली येतात, मधे थांबतात, एका नावापुढचं चुकलेलं साल तिथल्या तिथे दुरुस्त करतात.

“आता प्रिंटर लागेल ना?”

“त्याचा ड्रायव्हर गेला. मॉडेल नंबर सांगा.”

काका घरी फोन लावतात. काकू लेबल वाचून दाखवतात. मेकॅनिक लिहून घेतो, बघतो, आणि शांतपणे सांगतो, “हा चार्जरचा नंबर आहे, काका. प्रिंटर उलटा करायला सांगा.”