चांदीच्या विटा आणि आरडीएक्स

दर 12 मार्चला वर्तमानपत्रांत 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांचे तेच जुने फोटो छापून येतात, आणि बाकीचे वर्षभर ‘भाई’लोकांच्या वेबसिरीज जोरात चालतात. त्यांतला रुबाब पाहून तरुण मुले टाळ्या वाजवतात, तेव्हा चीड येते.

हाजी मस्तान, करीम लाला, वरदराजन या जुन्या ‘भाईं’च्या काळावर लांबण लावण्यात मला रस नाही. सोने, घड्याळे चोरवाटेने यायची, शहर ती हौसेने विकत घ्यायचे आणि वर तस्करांच्या दानशूरपणाच्या गोष्टी सांगायचे. त्या वर्षांत कोकण किनाऱ्यावर पोलीस आणि कस्टमचा हप्ता मात्र पक्का झाला.

नव्वदचे दशक आम्ही सोसले. बाबरी मशीद पडल्यानंतरच्या दंगलींत मुंबईत 900 माणसे गेली. त्याचा सूड म्हणून स्फोटांचा कट शिजला. पाकिस्तानातून आलेली हत्यारे उतरवून घेतली ती सोन्या-चांदीची तस्करी करणाऱ्या टोळ्यांनी. जानेवारी 1993 मध्ये कोकण किनाऱ्यावर दिघीला माल उतरला. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी ट्रक अडवले. सौदा ठरला, पण रोकड कमी पडली. म्हणून पोलिसांनी चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या आणि ट्रक सोडून दिले. फेब्रुवारीत तस्कर टायगर मेमनच्या माणसांनी शेखाडीला आरडीएक्स हे स्फोटक उतरवले. दहशतवाद्यांना नवी वाट शोधावी लागली नाही. आपल्याच माणसांनी ती पैसे घेऊन मोकळी ठेवली होती.

12 मार्चला दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजारात पहिला स्फोट झाला. आम्ही दादरला होतो. प्लाझा सिनेमापाशी स्फोट झाल्यावर रस्त्यावर धावलो, तर काचांचा खच आणि त्यात सुट्या पडलेल्या चपला. एका दुपारी शहरभरात 257 माणसे मेली.

गुन्हेगारी आणि राजकारण यांचे संबंध तपासायला जुलैमध्ये केंद्राने व्होरा समिती नेमली. ऑक्टोबरात तिने अहवाल दिला. संसदेपुढे तो आला थेट ऑगस्ट 1995 मध्ये, मोजक्या पानांचा, जोडपत्रांशिवाय. गुन्हेगार, अधिकारी आणि राजकारणी यांचे साटेलोटे त्यात आहे; त्यांतल्या राजकारण्यांची नावे मात्र नाहीत. तोवर इकडे खंडणीचे फोन घरोघरी पोचले होते. 1997 मध्ये कॅसेट कंपनीचे मालक गुलशन कुमार भरदिवसा मारले गेले.

पुढे स्फोटांच्या खटल्यात टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयाने 100 जणांना दोषी ठरवले. त्यांत कस्टमचे अधिकारी होते, पोलीसही होते. टायगरचा भाऊ याकूब मेमन याला 2015 मध्ये नागपुरात फाशी झाली. कटाचा सूत्रधार मानला जाणारा दाऊद इब्राहिम आणि टायगर आजही फरार आहेत. त्यांना आणता येत नसेल, तर निदान व्होरा अहवालाची जोडपत्रे तरी सरकारने जाहीर करावीत.