वेळासची कासवे आणि गावचे पाहुणे

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकास, सावित्री नदी जेथे समुद्रास मिळते तेथे, बाणकोटचा किल्ला आहे. त्याच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर मंडणगड तालुक्यातील वेळास हे गाव लागते. नाना फडणवीस यांच्या घराण्याचे हे मूळ गाव. नारळी-पोफळीच्या बागा, उतारावर आंबा व काजू, सखल भागात भाताची खाचरे आणि सुरूच्या बनापलीकडे वाळूचा स्वच्छ किनारा, असे या गावाचे रूप आहे. कोकणात अशी गावे पुष्कळ आहेत. परंतु फेब्रुवारीपासून पुढे दोन-तीन महिने दूरदूरच्या शहरांतून माणसे येथे मुक्कामास येतात, ती समुद्रकासवाची पिल्ले पाहण्यासाठी. या पाहुण्यांपासून गावातील अनेक घरांस चार पैसे मिळतात. ही गोष्ट कशी घडून आली, हे किनारपट्टीवरील शेतकरी बंधूंनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेण्याजोगे आहे.

येथे येणारे कासव ऑलिव्ह रिडले या जातीचे होय. नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्रीच्या वेळी किनाऱ्यावर चढते, मागील वल्ह्यांसारख्या पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा खणते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. ती पुन्हा त्या घरट्याकडे फिरकत नाही. अंड्यांचे रक्षण करणारे कोणी उरत नाही. वाळूवर मात्र तिच्या येण्याजाण्याचा स्पष्ट माग उमटलेला असतो आणि हा मागच अंड्यांच्या नाशास कारण होतो. कोल्हे व कुत्री घरटी उकरीत. माणसेही अंडी खाण्यासाठी वा विकण्यासाठी नेत. 2002 साली चिपळूण येथील सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी या किनाऱ्यावर आले असता त्यांना अंड्यांची टरफले आढळली. तेथून वनखात्याच्या व ग्रामस्थांच्या साहाय्याने घरट्यांच्या रक्षणाचे काम सुरू झाले.

कामाची रीत साधी आहे, पण तीत हयगय चालत नाही. गावातीलच माणसे पहाटे किनारा पायाखाली घालतात. माग दिसला की काठीने हलके चाचपून घरटे नेमके कोठे आहे ते शोधतात. अंडी काढताना ती उलटीसुलटी होणार नाहीत अशी दक्षता घ्यावी लागते, आणि काढल्यावर ती लवकरात लवकर हलवावी लागतात. उशीर झाला वा अंडे फिरले तर आतील जीव मरतो. किनाऱ्यावरच, भरतीचे पाणी पोहोचणार नाही अशा जागी, जाळीच्या कुंपणाचे आवार केलेले असते. तेथे मूळ घरट्याएवढ्याच खोलीचे खड्डे करून त्यांत अंडी ठेवतात. प्रत्येक खड्ड्यापाशी तारीख व अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी रोवतात. भाताच्या रोपवाटिकेची नोंद ठेवणाऱ्या शेतकऱ्यास ही पद्धत परकी वाटणार नाही.

पुढे साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांत, वाळूच्या उष्णतेनुसार, पिल्ले बाहेर येतात. पिल्लू नर होणार की मादी हेही याच उष्णतेवर ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात आणि फारच तापली तर अंडी नासतात. दिवस भरत आले की खड्ड्यांवर टोपल्या पालथ्या घालतात. त्या सकाळी व सायंकाळी उचलून पाहतात. पिल्ले आलेली असल्यास ती पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडतात, म्हणजे ती आपल्या पायांनी समुद्र गाठतात.

हा देखावा पाहण्यास लोकांना बोलवावे या विचारातून 2006 साली कासव महोत्सवास आरंभ झाला. गावात मोठे उपाहारगृह वा निवासस्थान बांधले गेले नाही. पाहुण्यांची सोय ग्रामस्थांच्या घरीच केली जाते. माजघरात वा ओटीवर अंथरूण, जेवणास आमटी-भात, सोलकढी, कधी उकडीचे मोदक, असा घरगुती थाट असतो. त्यामुळे येणारा पैसा एकाच्या हाती न जाता घरोघर पोहोचतो, व त्यात स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांचा वाटा मोठा असतो. कासवामुळे भाताचा उतारा वाढत नाही, हे खरे. परंतु ज्या अंड्यांचे पूर्वी एकदाच पैसे होत, त्यांच्या रक्षणामुळे आता दर हंगामात घरास काही उत्पन्न होते, हा हिशेब गावास पटला आहे.

तथापि हा धंदा नाजूक आहे. शहरातून दहा-बारा तासांचा प्रवास करून आलेल्या माणसास टोपली उचलल्यावर खाली रिकामी वाळू दिसली, तर तो नाराज होतो. मग सकाळी निघालेली पिल्ले सायंकाळच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवावीत, असा मोह यजमानास पडू शकतो. हे सर्वथा गैर आहे. नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या अंगी किनारा ओलांडून खोल पाण्यात पोहण्यापुरती ताकद असते. ती घमेल्यात वळवळण्यात खर्ची पडली तर ते समुद्रात टिकत नाही. पाहुण्यांना आधीच स्पष्ट सांगावे की पिल्ले दिसतील याची हमी कोणी देऊ शकत नाही. एखाद्याने बेत रद्द केला तरी चालेल.

3 जून 2020 रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड व दापोली तालुक्यांतील बागांची मोठी हानी केली. पोफळीची व नारळाची झाडे मुळासकट आडवी झाली. नवे नारळाचे रोप फळास येण्यास कित्येक वर्षे लागतात. बाग उभी राहीपर्यंत पाहुण्यांपासून होणारी मिळकत उपयोगी पडते; पण त्याच वर्षी साथीमुळे येणेजाणेच बंद पडले होते, हेही विसरता येत नाही. म्हणून हा पूरक धंदाच राहावा, बागेची मशागत सोडून त्याच्या मागे लागू नये.

ज्या गावांस असे काही करावयाचे असेल त्यांनी प्रथम घरटी राखावीत, पाहुणे त्यानंतर. कासव कायद्याने संरक्षित असल्याने वनखात्यास कळविल्याशिवाय अंड्यांना हात लावू नये. किनाऱ्यावर मोटारी नेऊ देऊ नयेत, कारण वाळू दबून घरटी चिरडतात. रात्री समुद्राकडे तोंड करून दिवे लावू नयेत. पिल्ले उजेडाकडे वळतात आणि समुद्राऐवजी गावाकडे चालू लागतात. पिल्ले सोडताना दोन्ही बाजूंस दोर बांधून प्रेक्षकांना त्यामागे उभे करावे, पिल्लांस हात लावू देऊ नये आणि छायाचित्रासाठी झगझगीत प्रकाश पाडू देऊ नये. एप्रिलमध्ये कोकणातील विहिरी तळ गाठतात, तेव्हा घरातील पाणी व शौचकूप यांचा विचार करूनच किती माणसे घ्यावयाची ते ठरवावे. जाळ्यात अडकलेले कासव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमारास शासनातर्फे नुकसानभरपाई देण्याची योजना 2018 पासून आहे. तिची माहिती कोळीवाड्यात पोहोचविणे कार्यकर्त्यांस सहज शक्य आहे.

जानेवारी 2022 मध्ये वेळास येथे एका मादीच्या पाठीवर उपग्रहाद्वारे माग देणारे यंत्र बसविण्यात आले. तिचे नाव प्रथमा ठेवण्यात आले. तसेच 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण केलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये याच जिल्ह्यातील गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे निराळी, असा समज त्यामुळे पुन्हा तपासून पाहावा लागत आहे.

वेळासला जाऊ इच्छिणाऱ्यांनी निघण्यापूर्वी घरट्यांचे दिवस कधी भरतात याची गावात चौकशी करावी व दोन रात्रींच्या मुक्कामाच्या तयारीने जावे. मधल्या वेळात बाणकोटचा किल्ला व केळशीची वाळूची टेकडी पाहता येते. सकाळची टोपली मात्र उजाडल्यानंतर लवकरच उचलली जाते.