तुमच्या फोनमागची कंपनी सरकार मोजतं का?

आपण फोनवरून टॅक्सी बोलावतो, क्लासचे व्हिडिओ बघतो. या कंपन्यांत किती लोक कामाला आहेत, त्यांना पगार किती, हे दरवर्षी विचारणारं सरकारी सर्वेक्षणच आपल्याकडे नव्हतं! करिअर निवडणाऱ्या पोरांनी आकडे आणायचे कुठून?

कारखान्यांचं वार्षिक सर्वेक्षण जुनं आहे. वीज वापरणारा कारखाना असेल तर 10 कामगार, नाहीतर 20, की तो त्यात आला. कोपऱ्यावरचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, पार्लर वगैरे दुसऱ्या सर्वेक्षणात येतात. 2023-24 मध्ये अशी 7.34 कोटी आस्थापनं निघाली. पण सेवा देणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी? ती दोन्हींच्या मधल्या फटीत.

माझ्या मते खरी अडचण यादीची आहे. 2016-17 मध्ये सेवा क्षेत्राचं सर्वेक्षण झालं, तेव्हा कंपनी मंत्रालयाच्या यादीतल्या एक तृतीयांशाहून जास्त कंपन्या कामाच्या निघाल्याच नाहीत. कुणी पत्त्यावर सापडेना, कुणी बंद, कुणाचा धंदाच वेगळा.

म्हणून आता जीएसटी नोंदणीची यादी घेतलीय. चाचणीचे निकाल एप्रिल 2025 मध्ये आले आणि जानेवारी 2026 पासून हे सर्वेक्षण दरवर्षी करायचं ठरलं. जीएसटी भरणारा व्यवसाय चालू असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे ही यादी मला बरी वाटते. फक्त एक गोम आहे. कोचिंग क्लासला जीएसटी लागतो, पण शाळेच्या शिक्षणाला आणि दवाखान्यातल्या उपचारांना सूट आहे. जे फक्त सूट असलेली सेवा देतात, त्यांना जीएसटी नोंदणीची सक्तीच नाही. मग नुसत्या या यादीवर ते सापडणार कसे?