आतड्याच्या गाठीतली चार प्रथिने

कराड असो की मिरज, मोठ्या आतड्याची गाठ काढून सर्जन बाहेर आले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'डॉक्टर, कितवी स्टेज?' गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल शिरली आणि जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत पोचली का, यावर स्टेज ठरते. त्यासाठी किमान 12 ग्रंथी तपासाव्यात, असा दंडक आहे. तरीही दुसऱ्याच स्टेजचा एखादा रुग्ण शस्त्रक्रियेनेच बरा होतो आणि एखाद्याचा आजार काही काळाने यकृतात डोके वर काढतो. असे का, याचे बरेचसे उत्तर काढलेल्या गाठीतच असते.

पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. एमएलएच1, पीएमएस2, एमएसएच2 आणि एमएसएच6 ही चार प्रथिने मुद्रितशोधकासारखी त्या चुका दुरुस्त करतात. त्यांपैकी एखादे नाहीसे झाले की चुका साचत जातात. तपासणी तशी साधी आहे. गाठीचा तुकडा बसवलेल्या मेणाच्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप घ्यायचा आणि त्यावर प्रतिपिंडे सोडायची. प्रथिन असेल तिथे पेशीचे केंद्रक तपकिरी होते. मात्र गाठीतली केंद्रके कोरी दिसली, तर शेजारच्या निरोगी पेशी तपकिरी आहेत ना, हे पाहावेच लागते. त्याही कोऱ्या असतील तर दोष चाचणीचा, गाठीचा नव्हे.

साचलेल्या चुकांतून गाठ विचित्र प्रथिने बनवू लागते. शरीराची प्रतिकारशक्ती ती परकी म्हणून ओळखते आणि लिम्फोसाइट पेशी गाठीत गर्दी करतात. त्यामुळे दुसऱ्या स्टेजमध्ये अशा रुग्णांची पुढची वाटचाल सहसा चांगली असते, आणि एकट्या 5-फ्लुरोयुरॅसिलच्या केमोचा त्यांना जवळपास उपयोग होत नाही. म्हणजे ही चाचणी एखाद्या रुग्णाचे केमोचे कित्येक महिने वाचवू शकते. आजार पसरलेला असेल, तर हाच निकाल वेगळे दार उघडतो. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या कीनोट-177 या अभ्यासात अशा 307 रुग्णांपैकी पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध मिळालेल्यांचा आजार मध्यकानुसार 16.5 महिने आटोक्यात राहिला, केमो मिळालेल्यांचा 8.2 महिने.

सीडीएक्स2 हे आणखी एक प्रथिन. आतड्याची पेशी परिपक्व असल्याची ती खूण. 2016 साली पिएरो डालेर्बा, देबाशिष साहू आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ही खूण पुसलेल्या गाठी पुन्हा उद्भवण्याचा धोका जास्त असतो. मात्र अशा गाठी थोड्याच असतात, आणि एकट्या सीडीएक्स2 वर उपचार ठरवण्याची घाई करू नये, असे मला वाटते.

हे सगळे टिकते फॉर्मलिनच्या बाटलीवर, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. काढलेला तुकडा लगेच 10 टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये जायला हवा, द्रावण तुकड्याच्या साधारण दहापट हवे, आणि मुरण्याचा काळ 6 ते 72 तासांचा. तालुक्याच्या गावात शनिवारी संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली, तुकडा सलाइनमध्ये तसाच राहिला आणि सोमवारी सांगलीला पोचला, तर प्रथिने खराब होतात. मग उत्तम प्रयोगशाळाही खात्रीचे उत्तर देऊ शकत नाही. महागड्या औषधांवर आपण तावातावाने बोलतो; तितकेच या बाटलीवर बोलायला हवे.

ब्लॉकचेही तसेच. मुंबईच्या टाटा रुग्णालयात दुसरे मत घ्यायला गेले की ब्लॉक आणि स्लाइड मागतात. रिपोर्ट जपणाऱ्या घरात ब्लॉक मात्र कुठे आहे, हे अनेकदा कुणालाच ठाऊक नसते. मेणातला तो तुकडा वर्षानुवर्षे टिकतो, आणि आज नसलेली चाचणी उद्या त्याच्यावर करता येते.

चार प्रथिनांचा निकाल कधी कधी घरातल्या इतरांपर्यंतही जातो. एमएलएच1 हरवण्यामागे बहुतेक वेळा आनुवंशिक कारण नसते. बीआरएएफ जनुकाची तपासणी ते ओळखायला मदत करते. पण एमएसएच2 किंवा एमएसएच6 हरवले असेल, तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकाराची शंका घ्यावी लागते. तो असेल, तर प्रत्येक मुलाला सदोष जनुक मिळण्याची शक्यता 50 टक्के. रक्ततपासणीत तो दोष सापडलेल्यांची कोलोनोस्कोपी साधारण पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी करतात, आणि आतड्यातली गाठ कॅन्सर होण्याआधीच दुर्बिणीतून काढता येते.